मेंढरं दिसली की इंजिन बंद

आमच्या गावामागच्या डोंगरावरची मातीची वाट मोटारसायकलींना खुली राहावी, म्हणून उभा जन्म मी अर्ज लिहिण्यात घालवला. साताऱ्याच्या कचेरीतले साहेब बदलले, प्रश्न बदलला नाही. "चांगला डांबरी रस्ता सोडून धोंड्यातनं गाडी कशाला घालायची?" बंगल्यापासून कचेरीपर्यंत चालायची ज्यांना लाज वाटते, त्यांना काय सांगणार, कप्पाळ. मी नवा अर्ज लिहायचो.

ज्यांच्यासाठी लिहायचो ती पोरं तरी कुठं धड होती? कोरेगावपासून सांगलीपर्यंतची. भारीतली हेल्मेटं, गुडघ्याला ढाली, आणि अर्जाखाली सही करायची म्हटलं की प्रत्येकाला नेमकं काम निघायचं.

डोंगरावर खरा हक्क एका धनगराचा. त्याच्या आज्यापासून मेंढरं तिथंच चरत आलेली. फार वर्षांपूर्वी त्यानं माझी गाडी अडवली होती. "मेंढरं दिसली की इंजिन बंद करायचं. शेवटचं मेंढरू जाईस्तवर चालू करायचं न्हाई. एवढं पाळा, मग मी तुमच्या आड येत न्हाई." मी शब्द दिला आणि पाळला. ग्रामसभेत वाट बंद करायचा विषय निघाला की तोच उठून म्हणायचा, "या गाड्यांचा तरास न्हाई." विषय तिथंच मिटायचा. माझे अर्ज कुणी वाचतही नव्हतं.

गेल्या वर्षी ठराव पुन्हा आला. पोरांना अवदसा आठवली: सभेच्या सकाळी ताकद दाखवायची, तीस गाड्या डोंगरावरनं थेट चावडीपुढं उतरवायच्या. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही. पुढारी म्हणून सगळ्यात पुढं मी. खिंडीत मेंढरं आडवी आली. मागं तीस गाड्या गुरगुरत होत्या. थांबलो तर म्हातारा भ्याला म्हणतील, एवढंच डोक्यात आलं. मी इंजिन बंद केलं नाही. कळप फुटला आणि एक गाभण मेंढी कड्यावरनं खाली गेली.

सभेला धनगर आला. सरपंचबाईंनी नेहमीप्रमाणे त्यालाच विचारलं. तो माझ्याकडं वळला. "आवं, पोरं थांबली नसती तर मी समजून घेतलं असतं. पयली गाडी तुमची व्हती." एवढं बोलून खाली बसला.

वाट बंद करायच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर मीही हात वर केला. आता तिथं लोखंडी फाटक आहे. पोरं मला गद्दार म्हणतात. म्हणू देत, त्यांची अक्कल तेवढीच. त्या मेंढीचं नाव त्यांच्यातला एकही काढत नाही. आणि त्यांना नावं ठेवणारा मी, धनगराच्या दारापर्यंत अजून गेलेलो नाही.