पोटातल्या लेकीशी बोललेला बाप

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी तर नाहीच — आणि आमच्या अणदूरच्या खंडोबापुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हाही नाही, तिथंही मी बोअरच्या पाण्याचंच बोलून आलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखत असता तर मला भला माणूस म्हणाला असता, आणि मला तुमची कीव आली असती.

गावात माझं तसं नावच आहे. पोटातल्या लेकीशी बोललेला बाप! मागं आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी गरोदर बायकांच्या नवऱ्यांची बैठक घेतली, तेव्हा मला पुढं खुर्ची दिली. मीही बसलो. उठून सांगितलं — लेकरू पोटातनं ऐकतं, बापाचा आवाज ओळखतं, माझ्या ईश्वरीनं ओळखला. समोरचे गडी तोंड उघडं टाकून ऐकत होते. एकानं तर डोळे पुसले. काय माणसं असतात! कुणीही यावं आणि यांना रडवून जावं. पण त्यांना हसायचा अधिकार मला कुठं आहे?

झालं असं होतं. पहिलं बाळंतपण म्हणून माझी बायको सुरेखा माहेरी गेली, सोनारीला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोक्यात भरवलं की बापानं रोज बाळाशी बोलावं. मग रोज संध्याकाळी तिचा फोन. स्पीकर लावून पोटावर ठेवायची आणि म्हणायची, "बोला की कायतरी. ऐकतंय ते."

मी खताच्या दुकानात, समोर गिऱ्हाईक. पोटाशी काय बोलायचं? पहिल्या दिवशी मी "हॅलो" म्हणालो — कंपनीच्या माणसाला म्हणतो तसं. पुढं शब्दच फुटेना. लाज वाटली म्हणू? नाही, खरं सांगायचं तर किळस आली. असले बायकी चाळे आपल्याला जमत नाहीत याचा मला अभिमानच वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मी फोन महेशच्या हातात दिला. महेश माझा धाकटा भाऊ, दुकानात माझ्याबरोबर असायचा, लग्न व्हायचं होतं. आमचे दोघांचे आवाज फोनवर इतके सारखे की अण्णा, आमचे वडील, तेसुद्धा फसायचे. "माझ्या नावानं बोल चार शब्द," मी म्हणालो. तो आधी लाजला, मग सुटलाच.

"काय चिमणे, जेवलीस का? हिकडं लई ऊन हाय बघ. म्हैस हौदातनं निघंना झालीय. तू आपली तिथंच गार बस, घाई करू नको."

मुलगा की मुलगी कुणाला ठाऊक, पण तो चिमणीच म्हणायचा. मग रोज त्याचं हेच. कुत्रीला पिल्लं झाली, शेवग्याला शेंगा आल्या — सगळा गाव त्यानं त्या पोटाला ऐकवला. मी शेजारी बसून पोती मोजायचो. फोन माझ्याकडं परत आला की सुरेखाचा आवाज भरून आलेला असायचा. "तुमच्यात एवढी माया हाय, मला कधी कळलंच न्हाय." यावर मी काय म्हणायचो? हं म्हणायचो.

लेक झाली. सव्वा महिन्यानं दोघी घरी आल्या. आमच्याकडं वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं लेकरू उचलायचं नसतं, ते बरं दिसत नाही. चुलत्यानं उचललं तर कुणाची हरकत नाही. ही रीत कुणी काढली ठाऊक नाही, पण माझ्यासारख्या निगरगट्टांची तिनं चांगली सोय केली. अण्णा ओसरीवर असायचे आणि मी रुबाबात पेपर वाचायचो. लेकरू दिवसभर महेशच्या खांद्यावर.

एक दिवस अण्णा रानात गेलेले. सुरेखानं पोर माझ्या हातात दिली. ती अशी किंचाळली की मी घाबरलो. अंगणात महेश पोती उतरवत होता, त्यानं तिथनंच विचारलं, "काय झालं गं चिमणे?"

रडं थांबलं. माझ्या हातात असलेल्या माझ्या लेकीनं मान तिकडं वळवली.

सुरेखा हसली. म्हणाली, "भाऊजींचा आवाज तुमच्यावाणीच हाय न्हवं? फसली बघा."

तेव्हा सांगता आलं असतं. हसत हसत सांगता आलं असतं, तिघंही हसलो असतो. निदान लेकीशी बोलायला शिकता आलं असतं — उशीर कसला, दोन महिन्यांची तर होती! पण मी जळत बसलो. मीच सांगितलेलं काम ज्यानं माझ्यापेक्षा चांगलं केलं, त्याच्यावर.

त्याच आठवड्यात मी रानात जाऊन अण्णांना गाठलं. आता ऐका. म्हणालो, "अण्णा, महेश सारखा आतल्या खोलीत असतोय. लेकराचं निमित्त करतोय. लोक बोलायलेत."

कोण लोक? कुणी चकार शब्द काढला नव्हता. लोक म्हणजे मी. भाऊ निर्मळ आहे, बायको निर्मळ आहे हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी मी ते बोललो. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. खोऱ्यानं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं आणि म्हणाले, "बरं."

चार दिवसांत महेशची पुण्याला मावशीकडं रवानगी झाली. "अण्णा, माझं काय चुकलं?" एवढंच त्यानं विचारलं. "जा म्हणलं की जायचं," अण्णा म्हणाले. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दुकानाच्या शटरला तेल घालत होतो — तेच घालत राहिलो.

मला वाटलं होतं, भाऊ गेला की विषय मिटेल. असा मूर्खपणा! घाण एकदा अण्णांच्या मनात गेली ती गेलीच. त्या दिवसापासून त्यांनी सुरेखाच्या हातचं पाणी घेतलं नाही. ईश्वरी रांगत त्यांच्याकडं गेली की धोतर सावरून उठायचे. कधीकधी तिच्या तोंडाकडं बघत राहायचे — नाक बघायचे, कपाळ बघायचे. काय शोधतायत ते मला कळायचं. एक वाक्य पुरेसं होतं. अण्णा पुढं कितीतरी वर्षं जगले, आणि ते वाक्य मी बोललो नाही. शेवटच्या दुखण्यातही नाही, पायाशी बसून होतो तरी.

परवा अण्णांचं वर्षश्राद्ध झालं. महेश आला, बाहेरच्या बाहेर अण्णांच्या फोटोच्या पाया पडला आणि जेवायला न थांबता गेला. सुरेखा ताट वाढता वाढता थांबली. म्हणाली, "मला पोरगीच झाली म्हणून मामांनी कधी आपलं मानलं न्हाय. पोरगा झाला असता तर दोन शब्द बोलले असते माझ्याशी. व्हय का न्हाय?"

मी पाट पुढं ओढला आणि म्हणालो, "व्हय. अण्णा जुन्या वळणाचे होते."