टॅक्सचा फॉर्म आणि पल्लवीचा कुकर

मी घाबरट आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण या मार्चमध्ये मी स्वतःचाच रेकॉर्ड कसा मोडला, ते ऐका. चहा घेता घेता ऐका, कारण मी लगेच मुद्द्यावर येत नाही.

झालं असं, की इथे अमेरिकेतल्या माझ्या कॅम्पस जॉबचा टॅक्स मी एका फ्री वेबसाइटवर अर्ध्या तासात भरून टाकला. मग रूममेट पल्लवीसमोर मिरवायला गेले.

"रेसिडेंट म्हणून भरलास?" तिने मॅगी ढवळत विचारलं.

"मग काय म्हणून भरायचा?"

"अगं बाई. स्टुडंट व्हिसावर पहिली पाच वर्षं टॅक्ससाठी आपण नॉन-रेसिडेंट. फॉर्मच वेगळा असतो. तू सरकारला खोटं सांगितलंस, यार."

एवढं बोलून ती मॅगी खाऊन क्लासला गेली. मी मात्र मनाने विमानात बसले होते. व्हिसा गेला, डिग्री गेली. नागपूरला आईला फोन केला. ती म्हणाली, "ये. पण लोकांना काय सांगायचं ते ठरवून ये."

आता इथली रीत अशी, की देश सोडणाऱ्याने आपला संसार ज्युनिअर्सना वाटायचा. मी ग्रुपवर टाकलं, 'मूव्हिंग आउट, सगळं फ्री.' वीस मिनिटांत गादी, मिक्सर, कुकर गायब. कुकर नेणारी सिद्धी म्हणाली, "ताई, किती मोठं मन तुमचं." मी तिला शिट्टी वेगळी कागदात बांधून दिली. शिक्षा भोगायला निघालेली बाई अशीच वागते ना?

दुसऱ्या दिवशी, जाण्याआधी गुन्हा कबूल करावा म्हणून, इथल्याच डब्लिन गावच्या लायब्ररीत देशपांडे काकूंना गाठलं. काकू रिटायर्ड आहेत. दर वर्षी परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतात आणि विद्यार्थ्यांचे टॅक्स फुकट भरून देतात. माझ्या आधीच्या मुलीचे कागद चुरगळलेले होते. काकूंनी ते आधी तळहाताने सपाट केले, मग वाचले. ते बघूनच माझे डोळे भरून आले.

"काकू, मी गुन्हा केलाय."

"बरं. लॉगिन कर."

स्क्रीन बघून त्यांनी चष्मा वर सरकवला. "कधी पाठवलंस हे?"

"काल."

"इथे तर सबमिटचं बटण अजून तुझी वाट बघतंय."

बघते तर खरंच. हिरवंगार, चांगलं बोटभर बटण. मी नुसतं सेव्ह करून मिरवायला पळाले होते.

काकू हसल्या नाहीत, हे विशेष. "पाठवलं असतंस तरी दुरुस्तीचा फॉर्म असतो," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत टॅक्सच्या चुकीपायी घरी गेलेली एकही मुलगी पाहिली नाही मी. बस. गेल्या वर्षी किती दिवस होतीस इथे?"

मग एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी बरोबर फॉर्म माझ्याच हातून भरून घेतला. "पुढच्या वर्षी तू दुसरीला शिकवायचंस," म्हणाल्या. मला, बघा. दाराच्या बेलला दचकणाऱ्या मला.

ताठ मानेने घरी आले. पल्लवी डाळ धुऊन एकेक कपाट उघडत होती.

"माझा कुकर पाहिलास का गं?"

बाथरूममध्ये जाऊन काकूंना मेसेज केला, 'काकू, रूममेटचा कुकर वाटून टाकलाय. याला दुरुस्तीचा फॉर्म असतो का?'

काकूंचं उत्तर लगेच आलं.

'नाही. ते मात्र तू सबमिट केलंयस.'