मागच्या स्प्रिंगा

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांत आमच्या लालबागच्या चाळीत कुठलीही गोष्ट अध्यक्ष नेमल्याशिवाय होत नसे. नळाला पाणी कमी येतं म्हणून सभा, जिन्याचा कठडा हलतो म्हणून सभा. त्यामुळे आमच्या मोटारसायकलच्या मागच्या स्प्रिंगांवर सभा भरली याचं मला नवल वाटलं नाही. नवल एवढंच, की त्या स्प्रिंगांवर बसणारी मी होते आणि सभेत चहा देण्यापलीकडे मला काही काम नव्हतं.

माझे यजमान गिरणीत ड्राफ्ट्समन होते. ती जुनी विलायती मोटारसायकल त्यांनी भारतभ्रमणासाठी घेतली होती. भिंतीवर नकाशा टांगून कन्याकुमारीपर्यंत तांबडी रेघही ओढली होती. प्रत्यक्षात गाडी कार्ल्यापर्यंत गेली आणि भारतभ्रमण तिथे थांबलं. मग माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि गाडीला खरं काम मिळालं.

वडील पनवेलच्या पुढे, हमरस्त्यापासून बरंच आत असलेल्या गावात माझ्या धाकट्या भावाकडे होते. एसटीने निघालं तर हमरस्त्यावर उतरेपर्यंत अंधार पडे आणि पुढे गावापर्यंत चालत जावं लागे. मोटारसायकलने मात्र शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर निघून, ठाण्याचा वळसा घेऊनही, दिवेलागणीच्या आत पोचता येई. परळच्या शाळेत मी शिकवत असे. शनिवार दुपार आणि रविवार एवढाच वेळ माझ्या हातात होता. वडील गावचे निवृत्त मास्तर. आठवड्याची वर्तमानपत्रं ते माझ्यासाठी राखून ठेवत. भाऊ वाचून दाखवायला बसला की डोळे मिटून घेत. भाऊ अग्रलेखातली विशेषणं गाळतो अशी त्यांची तक्रार होती. मीही गाळत असे, पण त्यांना कळणार नाही अशा बेताने.

गाडीच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन नळ्या होत्या. नळ्यांत स्प्रिंग आणि तेल. यजमान एकटे असले की गाडी मऊ चाले. मी मागे बसून कॅरियरवर औषधं, चादरी, मोसंबी बांधली, की स्प्रिंगा निघतानाच दबलेल्या असत. खड्डा आला की लोखंड लोखंडावर आपटे. तो आवाज मला कानाआधी माकडहाडात कळे. दोन-तीन महिन्यांत मी वर्गात उभ्यानेच शिकवू लागले. दादरच्या डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली आणि म्हणाले, "गाडी बंद. नाहीतर आडवं पडून राहावं लागेल."

यावर गॅलरीत सभा भरली. खालच्या मजल्यावरचे भाऊजी अध्यक्ष. ते गिरणीत हेडक्लार्क होते, आणि वजन व आवाज दोन्हींत चाळीत पहिले.

"वहिनींच्या पाठीचा प्रश्न हा केवळ वहिनींचा नाही," ते म्हणाले.

"मग दुखते कुणाची?" मी कपबश्या उचलता उचलता विचारलं.

"प्रश्न शेवटी घ्यायचे, वहिनी."

जास्त ताठ स्प्रिंगा घालाव्यात असा ठराव झाला. यजमानांनी भंगारबाजारातून त्या पैदा केल्या आणि भाऊजींना मागे बसवून परळ नाक्यापर्यंत फेरी मारली. भाऊजी उतरले ते झेंडावंदनाला आल्यासारखे. "पलंग आहे, पलंग!"

पुढच्या शनिवारी लोखंड आपटलं नाही, हे खरं. पण दबलेली स्प्रिंग आता अशी उसळे की मीही मोसंबीसारखी वर जाऊन खाली येई. दुसरी सभा. यजमान विचारी माणूस. त्यांनी कागदावर आकृती काढली. स्प्रिंग धक्का झेलते, पण तिची उसळी आवरते ते नळीतलं तेल, आणि आपलं तेल पातळ झालंय. जाड तेल घातलं. पुन्हा भाऊजी, पुन्हा परळ नाका, पुन्हा पलंग.

त्या शनिवारी उसळी खरोखरच थांबली. दुखणं थांबलं नाही. त्या सोमवारी मला टेबलाला धरूनही उभं राहता येईना. "मी एकटा जाऊन येतो," यजमान म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. एवढी नीट काढलेली आकृती खोटी कशी ठरते, हे त्यांना उमगत नव्हतं. आणि भावाचा निरोप आला होता: वडिलांना आता पेजही जेमतेम जाते. दिवसातून चारदा विचारतात, शनिवार कधी?

शुक्रवारी मी पालथी पडून होते. सासूबाई पाठ शेकत होत्या. त्या मालवणच्या. मोटारसायकलविषयी आजवर त्यांचं एकच मत होतं, की ती जिन्याखालची जागा अडवते.

"तो तुझो भाऊजी बसता कसो?" त्यांनी विचारलं.

"कसा म्हणजे? दोन बाजूंना दोन पाय टाकून."

"आनि तू?"

"एका अंगाला. पाचवारी नेसून आणखी कसं बसणार?"

"पाय खंय टेकतत?"

पाय कुठेच टेकत नव्हते. एक लोंबे, दुसरा त्याच्यावर. भाऊजी मात्र मागच्या चाकाच्या दोन बाजूंना असलेल्या दोन्ही पायऱ्यांवर पाय रोवून बसत. खड्डा आला की गुडघ्यांवर नकळत उचलले जात. दोन सभांत गाडीची परीक्षा त्यांच्या गुडघ्यांवर झाली होती, आणि निकाल माझ्या माकडहाडाला लागू केला होता.

सासूबाई उठल्या. ट्रंकेतलं आपलं हिरवं लुगडं काढून त्यांनी माझ्या अंगावर टाकलं. "काष्टो घाल आनि बस. आम्ही भाताच्या लावणीक काय असली पातळां नेसान उतरलंव?"

कॉलेजात जायला लागले तेव्हा वडिलांनी मला पहिलं पाचवारी आणलं होतं. गावात बोलणी खाल्ली, ती त्यांनीच. नऊवारी मागे टाकणं हीच माझी प्रगती, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

शनिवारी चाळ गॅलरीत उभी राहिली. समोरच्या भिंतीवर ‘झालाच पाहिजे’ लिहिलेलं, आणि खाली मी, काष्टा मारून, दोन्ही पायऱ्यांवर पाय रोवून.

"वहिनी, घोडा कुठाय?" भाऊजी ओरडले.

"अध्यक्षांच्या परवानगीची वाट पाहतोय," मी म्हटलं.

ठाण्यापुढे पहिला मोठा खड्डा आला. पायांवर जोर दिला, जराशी उचलले गेले, धक्का गुडघ्यांत शिरला आणि तिथेच विरला. उरलेला स्प्रिंगांनी घेतला, आणि जाड तेलाने तो परत पाठवला नाही. आकृती खोटी नव्हती. तिच्यात मागे बसलेलं माणूस काढायचं राहिलं होतं.

पोचलो तेव्हा उजेड होता. वडिलांनी लुगड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांचं अर्धं तोंड कष्टाने हललं.

"नोकरी... सुटली?"

"नाही हो अण्णा. मोटारसायकलसाठी नेसलेय."

ते त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा चालत्या बाजूने ते हसले, आणि उशाखालच्या वर्तमानपत्राकडे बोट केलं.

पुढे पावसाळा लागेपर्यंत एकही शनिवार चुकला नाही. त्यांच्या शेवटच्या रविवारी त्यांना शब्द कळत होते की नाही, ठाऊक नाही. मी अग्रलेख वाचत होते, हिरव्या लुगड्यातच, आणि त्या दिवशी एकही विशेषण गाळलं नाही.