खिळ्यावरून उतरवलेला म्हातारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या संग्रहातलं सर्वांत चांगलं चित्र मी शेजाऱ्याच्या पुस्तकातून कापून घेतलेलं आहे.

संग्रह म्हणजे जुन्या काळच्या तत्त्वज्ञांचे चेहरे. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून, शाई भरून, कागदावर दाबून छापलेले. अशी चित्रं बहुतेक जुन्या पुस्तकांतूनच निघतात. विकणारे पुस्तक फोडतात आणि पानं सुटी विकतात. मी तशीच मागवत आलो, त्यामुळे पुस्तकाला ब्लेड लावण्याचं काही वाटेनासं झालं होतं. इथे आखातात, वादी अदाईच्या वस्तीत एकट्यानं राहणाऱ्याला संध्याकाळी काहीतरी लागतं. मला हे लागलं.

शेजारी रत्नागिरीकडचा, जवळच्या रुवीच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान. मी त्याला भाई म्हणायचो. माझी भिंत बघून तो म्हणायचा, "बायको गावाला आणि घरात इतके दाढीवाले! एक तरी हसतोय का बघ."

एकदा तो वडिलांचं इंग्रजी पुस्तक घेऊन आला. वडील जहाजावर होते, कुठल्याशा बंदरात घेतलेलं. शिवण सुटली होती. "तुला कागदातलं कळतं. जरा नीट करून दे." उघडलं तर पहिल्याच पानासमोर एक ग्रीक म्हातारा. कपाळावरची प्रत्येक सुरकुती स्वच्छ. मी पुस्तक छान शिवून परत दिलं आणि चित्र ठेवून घेतलं. तयार फ्रेममध्ये बसेना, म्हणून भोवतीचा कोरा कागदही छाटला. संग्रह करणाऱ्यानं हे कधी करू नये. त्या कोऱ्या कागदावर उमटलेली पत्र्याच्या दाबाची चौकट गेली की चित्र मेलं. ते मला माहीत होतं, पण भिंतीवर बघायची घाई झाली होती.

काही दिवसांनी दारात त्याचा आवाज आला, तसं मी चित्र खिळ्यावरून उतरवलं आणि मग दार उघडलं. "भाऊ, त्यात एका बुजुर्गाचं चित्र होतं ना?"

"कसरीनं खाल्लं होतं," मी म्हणालो. "पार चाळणी. टाकून दिलं."

तो खाली बसला. त्याच्या आजोबांचा एकही फोटो घरात नव्हता. ते हुबेहूब असेच दिसायचे, म्हणून वडील ते पान उघडून पोरांना दाखवायचे.

"आम्ही तर सलाम करायचो त्याला," तो म्हणाला. "चूक माझीच. एसीखालच्या कपाटात ठेवलं, ओल आली. आता अम्मीला काय सांगू?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी चहा टाकला.

पुढेही तो येणार असला की मी ते चित्र उतरवून ठेवायचो. "ह्या खिळ्यावर कोण यायचं आहे?" तो विचारायचा. "बायको," मी म्हणायचो, आणि तो खो खो हसायचा.

गेल्या महिन्यात त्यानं दुकान आवरलं. "खलास, भाऊ. आता गावच बरं." विमानतळावर मीच सोडलं. गाडीत तो म्हणाला, "गावी नेऊन ठेवलेलं ते पुस्तक मी सुट्टीत गेलो की अम्मी अजून उघडते. पान नाही हे ठाऊक असून उघडते. मग माझ्याकडे बघते." मी गाडी चालवत राहिलो.

आता भिंतीकडे बघायचाही कंटाळा येतो. त्याचा फोन येतो, मी तब्येत विचारतो, आंब्यांचं विचारतो, ठेवून देतो. चित्र कपाटात आहे, छाटलेलं. पुस्तकात ते पुन्हा पहिल्यासारखं बसणार नाही. तरी त्या घराला आजोबांचा चेहरा मी देणं लागतो, आणि तुमच्या मुलाची काही चूक नव्हती हे त्याच्या आईला सांगणं.