अरे, मी आहे आत!

आमच्या सिनेमाची डिस्क पुन्हा निघणार आहे, हे मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. फोनवरची मुलगी भलतीच खुशीत होती. जुनी रिळं सापडलीत, ओरखडे, डाग सगळे काढून पिक्चर नव्यासारखा केलाय, आता ब्लू-रेवर आणतोय, म्हणाली. शिवाय सिनेमा चालू असताना जुन्या कलाकारांनी त्यावर गप्पा मारायच्या, त्याही डिस्कवर ऐकता येणार. "मॅडम, तुम्ही हव्यातच. लोक अजून तुमचा डायलॉग मारतात."

ते मला ठाऊक होतं. मुलुंडच्या ज्या शाळेत मी गणित शिकवते तिथे दरवर्षी नवीन वर्गाला महिन्याभरात माझा शोध लागतो. मी फळ्याकडे वळले की मागून बाकावर दोनदा ठकठक होते आणि कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, "अरे, मी आहे आत!" लग्नात, सोसायटीच्या पूजेला, एकदा तर दाताच्या दवाखान्यात, खुर्चीत तोंड उघडं असताना. मी हसते. इतकी वर्षं हसत आले.

सिनेमात मी एकदाच काम केलं, एकोणिसाव्या वर्षी. आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत दिग्दर्शकांनी मला पाहिलं आणि बोलावलं. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. कॉलेजातल्या वांड पोरांचा धुडगूस, एवढीच गोष्ट. प्राचार्यांच्या खुर्चीला खाजकुयली, गॅदरिंगमध्ये सोडलेली म्हैस, असलं सगळं. घाटकोपरच्या एका कॉलेजात मे महिन्याच्या सुट्टीत शूटिंग होतं. माझा प्रसंग असा: पोरं रेक्टरच्या खोलीत पेपर चोरायला येतात, मी आधीच तिथे लपलेली असते, गडबडीत एकजण मला लोखंडी कपाटात कोंबून कुलूप लावतो. तेवढ्यात रेक्टर येतात. कपाटातून आवाज आल्यावर त्यांना वाटतं भूत आहे, मग ते उदबत्ती लावून स्तोत्र म्हणायला लागतात.

ठरलं होतं ते असं, की दार लागलं की शॉट कट करायचा आणि मला बाहेर काढायचं. ठोकण्याचा आवाज नंतर वेगळा भरणार होते. पण दार लागलं ते उघडलंच नाही. आत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. गुडघे छातीशी, मान वाकडी. खिडकीतल्या उन्हात तापलेलं कपाट ते, पत्रा पाठीला भाजत होता. मी आधी हळू ठोकलं, मग जोरात. बाहेरून हसू ऐकू येत होतं. मग फटीतून उदबत्तीचा धूर आत यायला लागला आणि मला श्वास घेता येईना. तेव्हा मी ओरडले. ते वाक्य कुणी लिहिलेलं नव्हतं.

बाहेर काढलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "कुलूप अडकलं गं, सॉरी," साहेब म्हणाले, "पण काय केलंस! झकास!" माझ्या हाताची बोटं सुजली होती. ती मी ओढणीत लपवली.

रेकॉर्डिंगला मी का गेले, हे नक्की सांगता येणार नाही. फोनवर त्या मुलीला नाही म्हणायला शब्द सापडले नाहीत, हेच खरं असावं. स्टुडिओ अंधेरीत होता, एका ऑफिसच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. मी जिन्याने गेले. मला कोंडणारा नट आधीच येऊन बसला होता. पिक्चरमुळे त्याचं नाव झालं, आता मालिकांमध्ये सासऱ्याची कामं करतो. साहेब जाऊन काही वर्षं झाली होती, म्हणून आम्ही दोघंच.

खोली छोटी, भिंतींना काळा स्पंज, खिडकी नाही. दाराला फूटभर जाडी.

"दार थोडं उघडं ठेवाल का?" मी आवाजाची यंत्रणा बघणाऱ्या माणसाला विचारलं.

"मॅडम, एसीचा आवाज येतो बाहेरचा. तासा-दीड तासाचंच काम आहे."

"बरं," मी म्हटलं. दार बंद झालं तेव्हा कान गच्च झाले.

नट छान बोलत होता. म्हशीचा किस्सा त्याने असा रंगवला की काचेपलीकडे ती मुलगी हसून लाल झाली. मी हो, हो ना, करत होते. मग रेक्टरची ती खोली पडद्यावर आली. इतकी स्वच्छ मी ती कधीच पाहिली नव्हती. कपाटाचा हिरवा रंग, त्यावरचं हळदी-कुंकवाचं बोट. दार लागलं.

"आता एक गंमत सांगतो," तो माईकमध्ये म्हणाला. "सगळ्यांना वाटतं इथे कुलूप अडकलं. अडकलं-बिडकलं काही नव्हतं! किल्ली माझ्या खिशात. मी उघडायला निघालो, तर साहेबांनी हाताने खूण केली, थांब. पोरगी काय ठोकतेय, म्हणाले, असं परत मिळणार नाही. मग कॅमेरा हलवून दुसऱ्या बाजूनेही घेतलं." आणि तो हसला. पडद्यावर रेक्टर उदबत्ती ओवाळत होते. हेडफोनमधून माझाच आवाज थेट माझ्या कानात आला.

मी हेडफोन काढून दाराकडे गेले. मूठ दाबली, ओढली, दार हललं नाही. ते बाहेर ढकलायचं होतं, पण मला त्या क्षणी कळेना. आवाजवाल्याने धावत येऊन उघडलं.

पॅसेजमध्ये मी भिंतीला टेकून उभी राहिले. नट मागोमाग आला.

"अगं, काय झालं? तीस वर्षं होऊन गेली त्याला."

"मी खरंच ओरडतेय, हे तुला कळलं होतं?"

"आधी नाही. नंतर कळलं."

"मग?"

"माझं पहिलं पिक्चर होतं यार. साहेब समोर. मी किल्ली मुठीत धरून उभा होतो, घाम फुटला होता मला."

"उघडायचं होतंस."

"हो," तो म्हणाला.

घरी निघून जावं असं वाटलं. पण मग डिस्कवर फक्त त्याची गंमत राहिली असती. मी आत गेले, प्रसंग पुन्हा लावायला सांगितला आणि त्यावर बोलले. धूर, पत्रा, बोटं. तुम्ही ज्यावर हसता ते काम नाही, मी मरतेय असं मला वाटलं होतं, असं म्हणाले. दीड-दोन मिनिटांत संपलं. तो शेजारी खाली बघत बसला होता.

आठवड्याने त्या मुलीचा फोन आला. आवाज पडलेला. "मॅडम, वरचे म्हणतायत, कॉमेडी आहे, तेवढा भाग जड होतो. तिथे संगीत टाकलं तर चालेल?"

"मग माझा आवाज सगळाच काढा. आणि माझं नावही."

बरेच दिवस काही कळलं नाही. मग डिस्क घरी आली. भाग ठेवला होता. जिंकले, असं क्षणभर वाटलं. पण आमच्या गप्पांची ती कॉमेंट्री ऐकतो कोण? जूनमध्ये शाळेने कौतुकाने हॉलमध्ये पडदा लावून सिनेमा दाखवला, कॉमेंट्रीशिवाय, सिनेमाच्या मूळ आवाजात. चारशे मुलं त्या कपाटापाशी खदखदून हसली. मुख्याध्यापकांनी मला स्टेजवर बोलावून डायलॉग म्हणायला सांगितला. "नाही," मी म्हटलं. पहिल्यांदाच. हॉल गप्प झाला. मग मागून कुणीतरी ते वाक्य माझ्याऐवजी ओरडलं आणि पुन्हा हशा. मी स्टेजवर उभीच. खाली उतरायच्या पायऱ्यांवर माझ्याकडे तोंड करून फोटो काढणाऱ्यांची रांग होती.

नवऱ्याने मात्र कॉमेंट्री ऐकली. रविवारी दुपारी, एकट्याने. मी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होते, तिथे येऊन तो समोर बसला.

"मलाही सांगितलं नाहीस?"

"कुणालाच नाही."

"का पण?"

मग मी त्याला बाबांचं सांगितलं. गिरणी बंद पडल्यापासून बाबा वॉचमनची नोकरी करायचे, घरात फारसे बोलायचे नाहीत. सिनेमा लागला तेव्हा ते आम्हाला घेऊन गेले. कपाटाच्या प्रसंगाला अख्खं थिएटर हसत होतं. मी बाजूला पाहिलं, तर बाबा डोळे पुसत हसत होते. इंटरव्हलला त्यांनी अनोळखी माणसाला सांगितलं, "ती आत हाय ना, ती माझी पोरगी." बाबांना इतकं मोठ्याने बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर कसं सांगणार? पुढचा सिनेमा विचारायला साहेबांची माणसं घरी आली तेव्हा मी अभ्यासाचं कारण दिलं. बाबा महिनाभर हळहळत होते.

नवऱ्याने परातीतल्या थोड्या शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलायला लागला.