बिनलोखंडाचा चाकू

माझा धाकटा भाऊ गोटीराम तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर होता. माणूस रिटायर झाला, पण हात कुठले रिटायर व्हायला! घरचा पंखा, माझा मिक्सर, शेजाऱ्यांची कुलपं, सगळं त्यानं खोलून सुधारलं. आमच्या सारसोळ्यातल्या बायका म्हणायच्या, वस्तू बरी चालत असेल तर गोटीरामला दाखवू नका.

ओहोटी लागली की तो खाडीत चिंबोऱ्या धरायला जायचा. नांग्या बांधायची दोरी कापायला कमरेला घडीचा चाकू. तसंही खाडीत जाताना अंगावर लोखंड हवंच, हे आम्हाला पाळण्यापासून शिकवलेलं. तिवरांच्या झाडीतून कुणी नावानं हाक मारलीच, तर लोखंडाला भिऊन ते जवळ येत नाही. जवळ आलं तर घेऊनच जातं.

मागच्या साली गोटीरामची बायको गोजरा तापानं गेली. जन्मभर तिनं त्याच चिखलातून कालवं काढली. तिची राखही तिथंच सोडली. त्यानंतर थोड्या दिवसांनी गोटीराम चाकू घेऊन ओटीवर बसला.

"हलका करतो, बाय. चिखलात वजन नको."

मुठीचे स्टीलचे पत्रे काढले, तिथं पातळ फायबर बसवलं, त्यालाही भोकं पाडून जाळी केली. स्क्रू काढून पितळेचे घातले. दह्याच्या डब्याचं झाकण कापून चकत्या केल्या, त्या पात्याच्या दोन्ही बाजूंना. मग काय, अंगठा लावला की चाकू आपसूक उघडायचा, आवाजसुद्धा नाही.

"आता पंख लाव त्याला," मी म्हटलं, "म्हणजे एकटाच जाऊन चिंबोऱ्या आणील."

तो हसला नाही. पुढं त्यानं पातंच काढून टाकलं. कुणाचातरी मोडलेला, मॉलमधला पांढरा चाकू आणला होता, चिनी मातीचा. ते पातं हिऱ्याच्या दगडावर पाणी घालून घासत राहिला. घासण्याचा तो आवाज ऐकून माझे दात शिवशिवायचे.

"हे गंजत नाय," म्हणाला.

चाकू हातात घेतला, तर कोळंबीएवढा हलका. गोटीराम उठला, माझ्या फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आणलं आणि चाकूवर फिरवलं. कुठंच चिकटलं नाही. तेव्हा मात्र तो हसला. मग कमरेच्या करगोट्याला बांधलेली लोखंडी किल्लीही सोडून त्यानं माझ्या पुढ्यात ठेवली.

"गोट्या, कोण हाक मारतं तुला?"

"गोजरा. भर दुपारची. 'अवो, जरा थांबा' म्हनते. मी थांबतो. पन तिवरांच्या पुढं येत नाय. येनार कशी? माझ्या कमरेला लोखंड."

"आणि तुला घेऊन गेली तर?"

"गेली तर गेली. तुझ्या मिक्सरचं बटन उलटं फिरव, मी बदललंय."

दुसऱ्या दिवशी ओहोटी भर दुपारी होती. मी उंबऱ्यात आडवी पडले. सत्तरी उलटलेली म्हातारी आडवी पडून कुणाला अडवणार! मला ओलांडून गेला.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पलीकडच्या टॉवरच्या काचा उन्हानं पेटल्यासारख्या दिसत होत्या. नुसतं बसवेना म्हणून विळी घेऊन बोंबील साफ करायला बसले. भरती लागायची वेळ टळली. माझे हात चालेनात.

आणि गोटीराम आला. गुडघ्यापर्यंत चिखल, टोपली रिकामी.

"आली नाय, बाय," म्हणाला. "हाकसुदीक मारली नाय. येवढा हलका केला मी चाकू."

नळ सोडून तो पाय धुवायला लागला. आला एकदाचा, म्हणून मी देवाला हात जोडणार होते. एवढ्यात ओटीवर ताज्या कालवांचा वास आला. टोपली तर रिकामी होती.

"वन्स, सरका जरा."

ओटीच्या पायरीवरून, अगदी जवळून. मला वन्स म्हणणारी एकच होती. लांबून हाक मारायचं तिला आज काही कारणच उरलं नव्हतं.

माझ्या पायाखाली विळी होती, लोखंडाची. पण आवाज दमलेला वाटला, दुपारचा चिखल तुडवून आलेल्या बाईचा असतो तसा. मी विळीचं पातं मिटवलं, विळी आत ढकलली आणि सरकले.

गोटीराम पाय पुसून आला. मान वर न करता, मधे एका माणसाची जागा सोडून बसला.