लेकीकडून शिकलेलं फोरचेकिंग

मंडळी, आज प्रचंड दमलेय, तरी लिहितेय.

माझी सतरा वर्षांची लेक ईरा आणि मी आईस हॉकीच्या एकाच हौशी टीममध्ये खेळतो. आज सकाळी मॅच होती. आठवडाभर ऑफिसात राबल्यामुळे माझे पाय लगेच भरून आले. समोरच्यांच्याच भागात जाऊन त्यांच्याकडून पक, म्हणजे ती रबरी चकती, हिसकावायची याला फोरचेकिंग म्हणतात. मी नुसती पकमागे धावत होते आणि ते आरामात पास देत होते.

ब्रेकमध्ये ईरा वैतागली. इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, डोन्ट चेस ला! नुसती मागे धावू नकोस. ज्याच्याकडे पक असेल त्याला मी कडेला रेटते. तू फक्त पास अडव."

राग आला, पण धावायचं त्राणही नव्हतं. ती पुढे गेली, मी मध्ये थांबले. पकवाला गडबडला आणि त्याचा पास थेट माझ्या स्टिकवर आला. मी ईराला दिला. गोल!

मॅच हरलोच. चोआ चू कांगला घरी परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ती म्हणाली, "तू मागे होतीस ना, म्हणून मी बिनधास्त गेले."

इतकी वर्षं मी तिच्यामागे धावतेच आहे. तुम्हाला जमतं का हो, मुलांना पुढे जाऊ देऊन मागे थांबायला?